क्राउन-पिनियन नवं, आवाज तोच: पिकअपचं मागचं डिफरन्शियल खोलून नीट बसवण्याची पद्धत

नवं क्राउन-पिनियन टाकलं, बेअरिंग बदलली, मजुरी दिली आणि कापसाच्या चार खेपा होत नाहीत तोच मागून परत ‘हूंऽऽ’. वणी-पांढरकवड्यापासून वरूड-मोर्शीपर्यंत ही तक्रार इतकी ठरलेली आहे, की गाडीमालकाचं पहिलं वाक्य ‘माल डुप्लिकेट निघाला’ हेच असतं. कधीकधी निघतोही. पण खोलून पाहिलं की बऱ्याचदा माल ठीक असतो आणि बैठक चुकलेली असते. शिम (जागा अचूक करणारी पातळ चकती) अंदाजाने टाकलेली, पिनियनचा नट हाताला लागेल तेवढा आवळलेला, ऑइल भलतंच.

डिफरन्शियल, म्हणजे डिफ, प्रोपेलर शाफ्टची ताकद मागच्या दोन चाकांना वाटतं; त्यात शाफ्टला जोडलेलं लहान पिनियन मोठ्या क्राउनला फिरवतं. हा लेख मागच्या चाकांवर चालणाऱ्या पिकअप, जीप आणि बोलेरोसारख्या गाड्यांसाठी आहे. मागच्या चाकांवर चालणारी जोरदार सेडान कुणाकडे असेल, तर डिफ चेसिसला लटकलेलं आणि एक्सलच्या जागी जॉइंटवाले अर्धे शाफ्ट एवढाच फरक. आतलं काम हेच आणि याच क्रमाने. खाली दिलेली मापं सर्वसाधारण आहेत. तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरायचा.

## १. खोलण्याआधी: आवाज नेमका कुठला?

आवाज आला की थेट डिफ खोलायला घेणारे फार. अर्ध्या वेळा दोष टायरचा, प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचा (सांध्याचा) नाहीतर चाकाच्या बेअरिंगचा असतो. म्हणून आधी गाडी रिकामी चालवून पाहा.

टायरचा आवाज रस्त्याप्रमाणे बदलतो. डांबरी रस्त्यावरून सिमेंटच्या रस्त्यावर गेलात, समृद्धीवर चढलात, की त्याचा सूर लगेच फिरतो. डिफला रस्ता कसला आहे याच्याशी काही घेणं नसतं. त्याचा आवाज वेगावर आणि एक्सिलरेटरवर हलतो.

एक्सिलरेटर दाबला की हुंकार येतो आणि सोडला की थांबतो, तर क्राउन-पिनियनच्या दातांची ओढीची बाजू खराब किंवा चुकीची बसलेली. सोडल्यावरच येत असेल तर पिनियनचा प्रीलोड (बेअरिंगवर आधीच देऊन ठेवलेला ताण) गेलाय का ते आधी पाहा, कारण सैल पिनियन ओढीत एका जागी आणि सोडल्यावर दुसऱ्या जागी चालतं. सतत घरघर असेल तर बेअरिंग. त्यातही पिनियन क्राउनच्या चौपट वेगाने फिरतं, त्यामुळे पिनियन बेअरिंगचा आवाज बारीक आणि चढा, बाजूच्या बेअरिंगचा जाड. फक्त वळताना कडकड येते आणि सरळ रस्त्यावर गाडी गप्प असते, तर आतले स्टार पिनियन (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे छोटे गिअर), त्यांचा क्रॉस पिन किंवा वॉशर झिजलेत. गिअर टाकताना किंवा क्लच सोडताना एकच ‘टक’ येत असेल तर आधी गाडीखाली जाऊन प्रोपेलर शाफ्ट हाताने हलवा. क्रॉस सैल असेल तर काम स्वस्तात मिटलं.

तपासा: मागच्या दोन्ही टायरची कंपनी, माप आणि झीज सारखी आहे का? एक नवं आणि एक गुळगुळीत असेल तर दोन्ही चाकं सरळ रस्त्यावरही वेगवेगळ्या वेगाने फिरतात आणि स्टार पिनियनला क्षणाची उसंत मिळत नाही. हे तसंच ठेवून डिफ बांधलं तर पैसे वाया गेले समजा.

जुनी पिकअप विकत घेताना आणखी एक बघायचं. ‘काही आवाज नाही बा, एकदम मख्खन’ असं सांगून दिलेल्या गाडीच्या डिफमध्ये ग्रीस किंवा भलतंच जाड ऑइल कोंबलेलं निघतं. त्याने आवाज काही दिवस दबतो. फिलर प्लग काढून बोट आत घाला. बोटावरून ऑइल ओघळायला पाहिजे. गोळा आला तर सौद्याची बोलणी नव्याने सुरू करा.

## २. ऑइल उतरवा आणि ते वाचा

आधी फिलर प्लग सोडा, मग ड्रेन. उलटं करणारे खूप आहेत. ऑइल सगळं खाली जातं, मग कळतं की वरचा प्लग गंजून बसलाय आणि त्याची चौकट गोल झालीय. आता भरायचं कुठून?

गाडी थोडी चालवून, ऑइल कोमट असताना उतरवा. ते परातीत घ्या, परात उन्हात नेऊन तिरकी करा. ड्रेन प्लगच्या चुंबकावर मऊ, काळसर लेप असेल तर ती रोजची झीज आहे. बोटांत चोळल्यावर टोचणारे कण किंवा दाताचा तुकडा असेल तर डिफ पूर्ण उघडावंच लागेल. ऑइलमध्ये चंदेरी झाक भरपूर असेल तर बेअरिंग चाललीत. दुधाळ, चहासारखा रंग असेल तर आत पाणी गेलंय.

पाणी कुठून जातं हे आपल्याकडे कुणी पाहत नाही. एक्सल हाउसिंगच्या वर एक छोटा ब्रीदर (हवा ये-जा करायचं तोंड) असतो. काळ्या मातीचा चिखल त्यावर बसतो, उन्हाने पक्का होतो आणि तोंड बंद पडतं. भर लोडने गाडी चालली की हाउसिंग तापतं. तशीच ती नाल्यात उतरली की आतली हवा झटक्यात थंड होऊन आकसते आणि ब्रीदर बंद असल्याने सीलच्या ओठातून पाणी आत ओढलं जातं. ऑइल सील दोनदा बदलूनही गळतंय, अशा गाड्यांतही बहुधा हाच ब्रीदर बुजलेला असतो. गरम हवेला वाट मिळाली नाही की ती सीलमधून ऑइल बाहेर ढकलते. ब्रीदर काढा, फुंकून पाहा, आणि पावसाळ्यात पांदण रस्त्यानेच जायचं असेल तर त्याला रबरी नळी लावून तोंड ट्रॉलीच्या उंचीवर नेऊन बांधा.

## ३. सामान आधी, खोलणं नंतर

तालुक्याच्या गावी डिफचं सगळं सामान एका दुकानात मिळत नाही. नागपूर-अमरावतीहून ट्रॅव्हल्सने पार्सल येईपर्यंत गाडी उघडी पडून राहते, आणि उघड्या हाउसिंगमध्ये धूळ, जिनिंगच्या हंगामात तर उडती रुईसुद्धा, जाऊन बसते. म्हणून यादी पूर्ण झाल्याशिवाय बोल्टला पाना लावू नका.

क्राउन आणि पिनियन जोडीनेच घ्या. कारखान्यात हे दोन्ही एकमेकांवर घासून जुळवलेले असतात आणि दोघांवर एकच जोडी-नंबर कोरलेला असतो. डबा दुकानातच उघडून नंबर जुळवा. ‘क्राउन चांगलं आहे, फक्त पिनियन बदला’ हा सल्ला देणाऱ्याला बिलावर तसं लिहून द्यायला सांगा.

रेशो दात मोजून ठरवा: क्राउनचे दात भागिले पिनियनचे. ४१ आणि १० असतील तर ४.१०. गाडीचं मॉडेल सांगून मागवू नका, कारण एकाच नावाच्या गाडीत वर्षाप्रमाणे रेशो बदललेला असतो. फोर बाय फोर असेल तर पुढचं आणि मागचं डिफ एकाच रेशोचं हवं. फक्त मागचं बदललं तर चारही चाकं जोडताच दोन्ही डिफ ट्रान्सफर केसमधून (ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या गिअरडब्यातून) एकमेकांशी भांडू लागतात.

याशिवाय पिनियनची दोन बेअरिंग, बाजूची दोन बेअरिंग (सगळी कपसकट, म्हणजे बाहेरच्या कड्यासकट), पिनियन सील, एक्सल सील, नवा पिनियन नट, असल्यास नवी क्रश स्लीव्ह (पिनियनच्या दोन बेअरिंगमधली, नट आवळताना दबणारी नळी), वेगवेगळ्या जाडीच्या शिमचा संच, कवरचं गॅस्केट किंवा सिलिकॉन.

हत्यारांत चार गोष्टी अडतात: चुंबकी स्टँडचा डायल गेज, टॉर्क पाना, बेअरिंग पुलर आणि शिम मोजायला मायक्रोमीटर. डायल गेजशिवाय हे काम हातात घेऊच नये. ‘हाताला प्ले कळतो’ म्हणणाऱ्यांचा अनुभव मोठा असेल, पण एका मिलिमीटरचा दहावा भाग बोटाला कळत नाही.

पाचवी वस्तू म्हणजे दहा किलोपर्यंतचा स्प्रिंग काटा. प्रीलोड मोजायला लागतो. वेचणीचा कापूस मोजतो तो मोठा काटा आणू नका. त्यावर दोन-तीन किलोचा फरक दिसतच नाही.

सावधान: पुसायला कॉटन वेस्टचे धागे वापरू नका. एक धागा बेअरिंगच्या कपामागे अडकला की कप तिरका बसतो. धुतलेलं जुनं धोतर किंवा साडीचा सुती तुकडा उत्तम.

## ४. गाडी उचला, पण अशी

पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी गुटके. मागून जॅकने उचलून चेसिसखाली लोखंडी घोड्या. विटा, दगड, ट्रॅक्टरची रिम यांवर गाडी ठेवून खाली शिरायचं नाही.

सावधान: मागची चाकं अधांतरी झाली की हँडब्रेकचा उपयोग संपला. आणि प्रोपेलर शाफ्ट सोडला की गाडी गिअरमध्ये ठेवण्याचाही. उतारावर हे काम नकोच.

प्रोपेलर शाफ्ट सोडण्यापूर्वी दोन्ही फ्लँजवर (जोडाच्या चकत्यांवर) छिन्नीची एक खूण करा. तो होता तसाच परत बसला पाहिजे, नाहीतर नवीन थरथर सुरू होते आणि दोष पुन्हा डिफवर जातो.

आता एक्सल. हबच्या मधोमध बोल्टची गोल रांग दिसत असेल तर चाक न काढताच एक्सल बाहेर येतो. नसेल तर ड्रम काढून, बेअरिंगच्या पट्टीचे बोल्ट सोडून ओढावा लागतो. डिफ काढायला एक्सल पूर्ण बाहेर नको. आतले दाते सुटेपर्यंत सरकवला तरी पुरे. ब्रेक लायनिंगला ऑइल लागलं असेल तर ते पुसून परत लावू नका, बदला.

हाउसिंगच्या मागे पाहा. झाकण बोल्टने लावलेलं असेल तर डिफ मागून, हाउसिंगमध्येच बांधायचं. मागचा घुमट वेल्ड केलेला असेल तर अख्खी असेंब्ली पुढून निघते आणि टेबलवर काम करता येतं. ती जड असते, दोन माणसं लागतात, आणि खालच्या माणसाच्या छातीवर ती घ्यायची नाही. जॅकवर फळी ठेवून उतरवा.

## ५. जुनी मापं घ्या, मगच काहीही सोडा

या टप्प्याला दहा-पंधरा मिनिटं लागतात आणि इथेच लोक घाई करतात. जुन्या बैठकीची मापं हातात असली की नवीन बैठक कुठून सुरू करायची हे कळतं.

क्राउनच्या दातावर डायल गेज टेकवून बॅकलॅश (क्राउन-पिनियनच्या दातांमधला मोकळा प्ले) मोजा आणि लिहा. क्राउन फिरवत चार जागी मोजा. मग दातांना रंग लावून जुना ठसा पाहा (ठसा कसा घ्यायचा ते आठव्या टप्प्यात) आणि मोबाइलवर फोटो काढा. गेज क्राउनच्या पाठीवर लावून एक फेरी मारा; काटा ०.०५ मिमीपेक्षा फार जास्त डोलत असेल तर क्राउन तिरकं बसलंय किंवा डिफचा केस (क्राउन ज्यावर बसतं ते कवच) वाकलाय. वाकलेल्या केसवर नवं क्राउन टाकून काही होत नाही.

मग बाजूच्या बेअरिंगच्या टोप्या. प्रत्येक टोपीवर आणि तिच्या बैठकीवर पंचने खूण करा: डावीकडे एक ठिपका, उजवीकडे दोन. या टोप्या हाउसिंगला लावूनच बोअर केलेल्या असतात. डावी-उजवी अदलाबदल किंवा उलटी बसली तर बेअरिंग चिमटून तापते.

शिम काढाल तशा बाजूनिहाय दोन डब्यांत ठेवा आणि प्रत्येक शिम मायक्रोमीटरने मोजून डब्यावर आकडा लिहा.

तपासा: क्राउन-पिनियनचे दात साबूत आहेत, ठसा बरा आहे आणि फक्त बेअरिंग गेलीत, तर जुनं क्राउन-पिनियन जुन्याच शिमवर आणि जुन्याच बॅकलॅशवर परत बसवा. घासून जुळलेल्या जोडीचा ठसा पुस्तकातल्यासारखा आणायला गेलात तर शांत गाडी आवाज करायला लागेल.

## ६. पिनियनची खोली: आधी कच्ची बैठक

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. मेकॅनिक सील ठोकतो, क्रश स्लीव्ह टाकतो, मोठा पाइप लावून नट आवळतो, आणि मग ठसा पाहतो. ठसा चुकला की स्लीव्ह गेली, कधी सीलही गेलं. दुसरी स्लीव्ह नागपूरहून यायची म्हणून ‘चालते तसंच’ म्हणत गाडी सोडली जाते.

योग्य क्रम असा. क्रश स्लीव्ह आणि सील बाजूला ठेवा. नवे कप हाउसिंगमध्ये ठोका, तेही पितळी पंचने किंवा जुना कप घासून त्याच्या आधाराने. कप पूर्ण टेकला की ठोक्याचा आवाज भरीव येतो. तरी फिलर गेजचं सर्वात पातळ पान मागे शिरतंय का ते पाहा. पिनियन जुन्या जाडीच्या शिमवर बसवा आणि जुन्या नटने, स्लीव्हशिवाय, हलकासा ताण येईपर्यंतच आवळा. पिनियन हाताने फिरलं पाहिजे, पण डुलायला नको.

शिम बदलायला दरवेळी आतली बेअरिंग प्रेसने काढावी लागते, आणि दोनदा काढल्यावर ती नवी राहत नाही. त्यावर उपाय: त्याच नंबरच्या, बऱ्या अवस्थेतल्या जुन्या बेअरिंगचा आतला घेर सँडपेपरने किंचित मोठा करा, म्हणजे ती हाताने सरकते. कच्च्या बैठकीला ती वापरा. ठसा जमला की तीच शिम घालून नवी बेअरिंग प्रेस करा आणि एकदा पुन्हा ठसा बघा.

शिम पिनियनच्या डोक्यामागे असो की आतल्या कपाखाली, नियम एकच: जाड शिम पिनियनला क्राउनकडे ढकलते, पातळ शिम मागे घेते.

## ७. क्राउन आणि बॅकलॅश

क्राउन केसवर बसवण्याआधी दोन्ही पृष्ठभागांवर तेलदगड फिरवा. एवढासा उंचवटा राहिला तरी क्राउन डोलतं. क्राउन घट्ट जात असेल तर गरम ऑइलमध्ये किंवा भट्टीत साधारण शंभर अंशांपर्यंत तापवा. मे महिन्यात दुपारी पत्र्यावर ठेवलं तरी निम्मं काम होतं, वरून फक्त फडकं टाका. गॅसची ज्योत थेट लावायची नाही, दातांचं पाणी उतरतं. बोल्ट ओढून क्राउन खाली आणण्याची सवयही वाईट. एका बाजूने ताणलं की ते तिथेच तिरकं अडकतं.

बोल्ट आणि आटे पेट्रोलने धुऊन कोरडे करा, थ्रेडलॉक लावा, समोरासमोरचे बोल्ट दोन-तीन टप्प्यांत टॉर्क पान्याने आवळा. काही गाड्यांत हे बोल्ट उलट्या आट्यांचे असतात, डोक्यावर खूण असते, बघून घ्या. क्राउन काढलंच आहे तर स्टार पिनियन, क्रॉस पिन आणि वॉशरही पाहा. पिनवर बोटाचं नख अडेल अशी खाच असेल तर पिन आणि स्टार दोन्ही बदला.

केस हाउसिंगमध्ये बसवून बॅकलॅश लावा. बहुतेक हलक्या व्यापारी गाड्यांत तो ०.१० ते ०.२० मिमी, म्हणजे चार ते आठ थाऊ (इंचाचा हजारावा भाग), असतो. बाजूला आट्याचे नट असतील तर एक जेवढा सोडाल तेवढाच दुसरा आवळा. शिमवालं डिफ असेल तर एका बाजूची शिम काढून दुसऱ्या बाजूला घाला. एकूण जाडी बदलू नका. क्राउन ०.१० मिमी सरकलं की बॅकलॅश साधारण ०.०७ मिमीने बदलतो, एवढा हिशेब पुरतो.

क्राउनभर चार जागी मोजा. दोन जागांत ०.०५ मिमीपेक्षा जास्त फरक पडला तर क्राउनखाली कचरा आहे. परत काढा.

## ८. ठसा घ्या आणि त्याच्याशी वाद घालू नका

दुकानात मार्किंग पेस्ट मिळाली नाही तर पिवळा ऑइल पेंट थोड्या ऑइलमध्ये घट्टसर कालवा. क्राउनच्या तीन-चार दातांच्या दोन्ही बाजूंना ब्रशने पातळ थर द्या, असं दोन जागी करा. लाकडी दांड्याने क्राउनला आडवून थोडा भार द्या आणि पिनियन पान्याने फिरवून क्राउन पुढे-मागे करा. भार न देता घेतलेला ठसा विरळ येतो आणि फसवतो.

दातावर पिवळ्या रंगात एक स्वच्छ झालेला लांबट डाग दिसेल. दाताची फुगीर बाजू ओढीची, आत वळलेली बाजू एक्सिलरेटर सोडल्यानंतरची. डाग दाताच्या उंचीच्या मधोमध हवा, कडेला रंगाची किनार शिल्लक राहिली पाहिजे. लांबीत तो थोडा आतल्या टोकाकडे झुकलेला चालतो, कारण लोड आल्यावर तो बाहेर सरकतो.

दोन्ही बाजूंना डाग दाताच्या मुळाशी खाली घसरलेला असेल तर पिनियन फार आत गेलंय: शिम पातळ करा. दोन्हीकडे दाताच्या माथ्यावर चढलेला असेल तर पिनियन दूर आहे: शिम जाड करा. ओढीच्या बाजूला डाग आतल्या टोकाला चिकटला असेल तर क्राउन जवळ आलंय, बॅकलॅश वाढवा. बाहेरच्या टोकाला गेला असेल तर कमी करा.

एका वेळी ०.०५ ते ०.१० मिमी, त्याहून जास्त बदल नाही. आणि पिनियनची शिम बदलली की बॅकलॅशही बदलतो. तो आधी परत जागेवर आणायचा, मगच नवा ठसा. शिम बदलली आणि तसाच ठसा पाहिला तर दोन बदल एकमेकांत मिसळतात, मग तासन्‌तास गोल फिरत राहाल.

‘लोडवर बसून जाईल’ असं वाटायला लागलं की समजा, ठसा चुकलाय आणि तुम्ही दमलात. चहा घ्या आणि परत खोला.

## ९. पक्की बैठक: सील, स्लीव्ह आणि प्रीलोड

ठसा मनासारखा आला की केस बाहेर काढा. आता नवी बेअरिंग, नवी क्रश स्लीव्ह, नवं सील, नवा नट. बेअरिंगला डिफचं ऑइल लावा, सीलच्या ओठाला थोडं ग्रीस. फ्लँजवर सील जिथे चालतं तिथे नखाला लागणारी रेघ असेल तर फ्लँज बदला. नाहीतर नवं सीलही गळेल.

फ्लँजला लांब पट्टी बोल्टने बांधून धरा आणि नट आवळा. स्लीव्ह दबायला भरपूर जोर लागतो, म्हणून लांब दांडा. जोर एकदम सुटल्यासारखा वाटतो तेव्हा स्लीव्ह दबायला लागली. इथून पुढे नटाला अगदी थोडी-थोडी फिरत द्या आणि प्रत्येक वेळी प्रीलोड मोजा.

मोजायचं असं: पिनियन काही फेरे फिरवून बेअरिंग बसू द्या. फ्लँजच्या कडेला, म्हणजे बोल्टच्या भोकांच्या रेषेत, सुतळी गुंडाळून स्प्रिंग काट्याने सरळ ओढा. पिनियन सावकाश फिरत असताना काटा जे दाखवतो ते धरा. सुरुवातीचा झटका नाही. नव्या बेअरिंगला सर्वसाधारण १.७ ते ३.४ न्यूटन मीटर लागतात. सुतळी मध्यापासून ५ सेंटिमीटरवर असेल तर काट्यावर हे साडेतीन ते सात किलो भरतं. जुनी बेअरिंग परत वापरली असेल तर याच्या निम्मं. हे मोजमाप क्राउन बाहेर असतानाच.

सावधान: प्रीलोड जास्त झाला तर नट थोडा मागे सोडून आकडा जुळवू नका. दबलेली स्लीव्ह परत फुगत नाही. नट सोडला की पिनियन सैल आणि नट स्वतःहून सुटायला मोकळा. नवी स्लीव्ह टाका. म्हणून यादीत दोन स्लीव्ह लिहा, एक उरली तर दुकानदार परत घेतो.

स्लीव्हऐवजी शिम असलेल्या डिफमध्ये नट पूर्ण टॉर्कला आवळून मग प्रीलोड पाहतात, आणि तो शिमने कमी-जास्त करतात.

केस परत आत, टोप्या खुणेप्रमाणे, बाजूच्या बेअरिंगचा ताण मॅन्युअलप्रमाणे. शेवटी बॅकलॅश आणि ठसा पुन्हा एकदा. दोन्ही जागेवर असतील तरच कवर लावा.

## १०. मजबुती वाढवायची असेल तर आत्ताच

डिफ उघडलंच आहे तर ‘हेवी’ करून घेऊ, असं सगळ्यांनाच वाटतं. खर्च कुठे करायचा याबद्दल माझं मत स्पष्ट आहे.

मूळ केसमध्ये दोनच स्टार पिनियन असतील आणि त्याच गाडीच्या जड मॉडेलचा चार स्टारचा केस बसत असेल, तर तो घ्या. चिखलात एक चाक फिरत राहतं आणि कडक जमिनीला लागताच झटका बसतो. तो झटका दोनऐवजी चार स्टारवर वाटला जातो. संत्र्याच्या नाहीतर सोयाबीनच्या लोडवर चालणाऱ्या गाडीला एवढं भरपूर आहे.

रेशो वाढवला, उदाहरणार्थ ४.१० चा ४.३० केला, तर ओढ वाढते, पण त्याच वेगाला इंजिन जास्त फिरतं आणि डिझेल जास्त जातं. स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून चालत असेल तर तो खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवेल. असले मोठे बदल करण्याआधी आरटीओत आणि विमा एजंटकडे विचारून घ्या. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम कंपनीच्या मूळ तपशिलात केलेल्या बदलांबद्दलच आहे.

आपोआप लॉक होणारं डिफ खरंच कामाचं आहे. थारच्या आणि बोलेरो निओच्या काही मॉडेलमध्ये कंपनीच ते देते. पण बाजारातून आणून बसवायचं तर तुमच्या एक्सलचे दाते आणि बेअरिंगचं माप जुळतं का ते सामान घेण्याआधी बघा. क्लच-पत्र्यांच्या लिमिटेड स्लिपला (एकाच चाकाला मोकाट फिरू न देणाऱ्या डिफला) त्याच्यासाठीचं ऑइल किंवा सोबतचं अॅडिटिव्ह लागतं. साधं टाकलं तर वळताना घरघरतं. असं डिफ असलेल्या गाडीचं एकच चाक उचलून इंजिन चालू करून गिअर टाकू नका, जमिनीवरचं चाक गाडी घोडीवरून ढकलून देईल.

राहिलं वेल्डिंग. स्टार पिनियनवर वेल्ड मारून दोन्ही चाकं कायमची जोडायची, हा ‘जुगाड’ मळणीयंत्र ओढणाऱ्या जुन्या जीपांत दिसतो. ट्रॅक्टरमध्येही डिफ लॉक असतोच की, असं त्यावर उत्तर मिळतं. ट्रॅक्टरचा लॉक पायाखालून सोडता येतो, आणि तरी तो दाबून वळायचं नाही हे पोराटोरांना ठाऊक असतं. वेल्ड केलेला लॉक डांबरी रस्त्यावरही सुटत नाही: एक्सल पिळतो, टायर खातो आणि चिखलदऱ्याच्या वळणावर गाडी सरळ जाते. माणसं बसतात त्या गाडीत हे करू नये.

## ११. ऑइल, आणि पहिले ८०० किलोमीटर

क्राउन-पिनियन हायपॉइड असतं, म्हणजे पिनियन क्राउनच्या मध्यरेषेच्या खाली असतं आणि दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घासत सरकतात. त्याला जीएल-५ दर्जाचंच ऑइल लागतं. गिअरबॉक्ससाठी आणलेलं जीएल-४ उरलंय म्हणून ते डिफमध्ये ओतणं, ही नवं क्राउन-पिनियन घालवण्याची सगळ्यात सोपी पद्धत. जाडी मॅन्युअलप्रमाणे, बहुधा ८०डब्ल्यू-९०; उन्हाळ्यात लोडवर चालणाऱ्या गाडीला कंपनी परवानगी देत असेल तर ८५डब्ल्यू-१४०.

कवरला सिलिकॉन लावलं असेल तर ते सुकू द्या. गाडी सपाट जागेवर चाकांवर उभी करून, फिलरच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत ऑइल येईतोवर भरा. घोडीवर तिरकी असताना भरलेलं माप खोटं असतं.

पहिल्यांदा वीसेक मिनिटं रिकामी गाडी सावकाश चालवा, मग थांबवून पूर्ण थंड होऊ द्या. नवे दात या पहिल्या फेऱ्यांत एकमेकांना घासून बसतात आणि जास्त तापतात. त्यात लोड टाकला तर वरचा कठीण थर जळतो. अशा दोन-तीन फेऱ्या, मग रोजचं हलकं काम. पहिल्या ८०० किलोमीटरला ट्रॉली ओढायची नाही, ओव्हरलोड नाही, सुसाट पळवणं नाही. कापसाच्या ऐन हंगामात हे सांगितलं की मालक म्हणतो, ‘मंग गाडी बांधली काहून भाऊ?’ त्याला हे गाडी ताब्यात देताना नाही, काम घेतानाच सांगा, आणि शक्य असेल तर हंगामाआधी, पोळ्याच्या सुमारास काम उरकून घ्या.

पहिल्या फेरीनंतर हाउसिंगला हात लावा. गरम लागणारच. पण पिनियनच्या नाकाशी हात टेकवतच नाही आणि बाकी हाउसिंग कोमट आहे, तर प्रीलोड जास्त झालाय. गाडी पुढे न चालवता सील आणि नट काढा आणि नवव्या टप्प्याप्रमाणे प्रीलोड पुन्हा लावा. फ्लँजखाली ओला डाग दिसतो का तेही याच वेळी बघा.

८०० किलोमीटरला ऑइल बदला, मागच्या वेळी वाचलं तसंच परातीत वाचा. चुंबकावर मऊ लेप बऱ्यापैकी असेल, नव्या दातांचा तो येतोच. टोचणारा कण असेल तर कवर काढून क्राउनच्या प्रत्येक दाताची कड टॉर्चने तपासा, आणि कारण सापडेपर्यंत लोड घेऊ नका.